पहिल्या आंघोळीला लागलेली झोप

दिवाळी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दिवे येत नाहीत, आईची पाठ येते. आंबेगावकडच्या आमच्या मोठ्या घरात पंचवीस माणसं आणि आई सगळ्यांत धाकटी सून. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत ती चुलीकडे तोंड करून बसलेली. नरकचतुर्दशीला, म्हणजे पहिल्या आंघोळीच्या पहाटे, तीच आधी उठायची, पाणी तापवायची, झाडून साऱ्या पोरांना तेल-उटणं लावायची आणि शेवटी उरलेल्या कोमट पाण्याचे दोन तांबे स्वतःवर ओतून परत चुलीशी. तिच्या अंगाला कुणी तेल लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. वडील शाळामास्तर, त्यांची बदली मढजवळच्या एका गावात झाली होती. दोन खोल्या, आम्ही चौघं. त्या पावसाळ्यात हिवतापानं आईचं पार चिपाड झालं. वडील म्हणाले, "यंदा दिवाळी इथंच. आणि फराळ-बिराळ काही नाही."

आई ऐकतेय कसली! तिनं डाळ निवडायला घेतली, तशी वडिलांनी कढईच उचलून शेजारणीकडे नेऊन दिली. आई मागायला गेली. शेजारीण म्हणाली, "गुरुजींनी सांगितलंय, दिवाळी सरल्याबिगर कढई द्यायची न्हाई. आन् तुमी जरा बसा की, बाई!" वर तिनं नव्या भाताचे पोहे आईच्या पदरात घातले. आई दिवसभर वडिलांशी बोलली नाही. मला मात्र मनातून लई बरं वाटलं होतं.

पहिल्या आंघोळीच्या पहाटे जाग आली तेव्हा अंगणातल्या चुलीवर हंडा चढलेला, आणि जाळ सारत होते वडील. मी डोळे चोळत राहिले. कापलेल्या भाताचा गोडसर वास, खाचरांवरून सरकत आलेलं धुकं, डोंगरावर चंद्राची बारीकशी कोर. सगळं झोपेतच दिसतंय असं वाटत होतं.

"आज आधी आईला," वडिलांनी तेलाची वाटी माझ्या हातात दिली.

आई नको नको म्हणत भिंतीशी पाटावर बसली. मी तिच्या केसांत तेल जिरवलं. तापानं केस विरळ झाले होते. मग मान, मग पाठ. एवढी हाडं हाताला लागली की मला रडू आलं. हळूहळू तिची मान कलली, डोकं भिंतीला टेकलं आणि ती झोपून गेली. वडिलांनी हलकेच तिच्यावर घोंगडी टाकली आणि तोंडावर बोट ठेवलं.

सूर्य उगवायच्या आत आंघोळ केली नाही तर माणूस नरकात जातो, हे मला पक्कं ठाऊक होतं. आईनंच सांगितलं होतं. मी वडिलांच्या कानाशी लागले, "उठवा ना तिला!"

"किती महिन्यांत अशी झोपली नाही ती. झोपू दे. तू उरकून घे तुझं."

शेजारी पोरं ओरडत कारीट फोडत होती. मी डोंगराकडे पाहिलं. कडेला तांबूस फुटत होतं. उठवावं तर तिची झोप जाते, न उठवावं तर ती नरकात जाते. आणि तिथं माझी आई एकटी?

मी न्हाणीत गेले. तांब्यामागून तांब्या पाणी जमिनीवर ओतलं, मोठ्यानं, वडिलांना ऐकू जाईल असं. पाय तेवढे भिजवले आणि नवा परकर नेसून बाहेर आले. वडीलही धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून बसले होते. धाकटा भाऊ आत घोरत होता.

ऊन अंगणात उतरलं, आईच्या तोंडावर आलं. ती दचकून उठली. "अगंबाई, उजाडलं की! तुमच्या झाल्या ना आंघोळ्या?"

"झाल्या," वडील म्हणाले. मी मान हलवली.

आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो तिथंच थांबला. "हे कोरडं कसं?"

मला खोटं पुढे रेटता आलं नाही. हुंदके देत मी म्हणाले, "तू एकटीच जाशील ना नरकात. म्हणून मी नाही केली."

वडील हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली. त्यांचे केसही कोरडे होते. "मला वाटलं, मी एकटाच निघालोय हिच्या सोबतीला," ते म्हणाले.

आई दोघांकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी ती हसायलाही लागली. आता ही ताडकन उठणार, आम्हाला रागावणार, न्हाणीकडे पिटाळणार, असं मला वाटलं. पण तिनं घोंगडी पुन्हा खांद्यावर ओढली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

"आता जायचंच आहे सगळ्यांनी, तर घाई कशाला?" ती म्हणाली. "लाव अजून थोडं तेल."