मालेगाव ते नाशिक, चार वेळा बंद पडलेल्या मोटारीतून

मालेगावहून नाशिकला मोटारीने जायचं तर पहाटे निघावं, हे मी सगळ्यांना सांगत असतो. आम्ही स्वतः निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पोटात आदल्या रात्रीपासून कळा येत होत्या. डॉक्टरांनी उजवी बाजू दाबून पाहिली आणि म्हणाले, "अपेंडिक्स आहे. नाशिकला न्या, आजच्या आज कापावं लागेल." नाशिकला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार अर्ध्या तासात सुटणार होती. मी म्हटलं, घरची गाडी असताना ती कशाला?

गाडी सव्वीस सालची, नऊ वर्षं वापरलेली. पेट्रोलची टाकी समोरच्या काचेच्या पुढे, उंचावर. पेट्रोल आपल्या वजनाने नळीतून कार्बुरेटरमध्ये उतरतं, पंपबिंप काही नाही. इतक्या साध्या गाडीत आपल्याला न कळण्यासारखं काय असणार, अशी माझी घमेंड होती.

दहा मैलांवर तिने चार उचक्या दिल्या आणि बंद पडली. मी झाकण काढलं, फुस्स झालं, काठी घालून पाहिली तर टाकी अर्धीअधिक भरलेली. मग टाकीखालची, गाळ साठायची वाटी सोडवून पुसली, हँडल मारलं, सुरू! "कचरा होता," मी मागे वळून सांगितलं. मागच्या सीटवर दादा वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होता.

राहुडचा घाट सडकेच्या मानाने बरा, पण वळणांवर बैलगाड्या अडून असतात, तेव्हा भोंगा वाजवत राहा. तिथे चढावर पुन्हा बंद. उभ्या चढाला पेट्रोल पोचत नाही, मग जुन्या गाड्या उलट्या तोंडाने चढवतात, हे मी ऐकलं होतं. झाकण काढून पेट्रोल पाहिलं, गाडी वळवली आणि उलटी चढवली. दर धक्क्याला दादा ओरडत होता. वर पोचल्यावर मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे आज सांगताना शरम वाटते.

चांदवडला तिसऱ्यांदा बंद पडली आणि तिथेच दादा म्हणाला, "नाना, कळ थांबली रे."

वहिनींनी हात जोडले. आम्हाला केवढं हायसं वाटलं! सडकेवरच्या हॉटेलात चहा बरा मिळतो, पिठलं-भाकरी ताजी असते. मी पोटभर जेवलो. आता घाई नाही म्हणून पोत्यावर कार्बुरेटर उघडून बसलो, जेट फुंकलं, नळी फुंकली, टाकी पुन्हा काठीने मोजली. यात दीड तास गेला. गाडी सुरू झाली आणि वीसेक मैलांवर, पिंपळगावच्या अलीकडे, चौथ्यांदा बंद पडली. दादाचं अंग तापलं होतं.

शेजारच्या मळ्यात विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करत असलेले कासमचाचा नावाचे मिस्त्री हात पुसत आले. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही.

"बंद पडली का पहिलं काय करता, साहेब?"

"टाकी बघतो."

"झाकन काढून? मंग आता काढू नका. हँडल मारा."

मी दहा वेळा मारलं. गाडी ढिम्म. चाचांनी झाकण काढलं, फुस्स झालं. थोडं थांबून म्हणाले, "आता मारा." एका फेऱ्यात इंजिन सुरू झालं.

झाकण त्यांनी उन्हात धरलं. त्याच्या मधोमध टाचणीएवढं भोक असतं, पेट्रोल उतरेल तशी हवा आत जायला. त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा थर वाळून घट्ट बसला होता.

"वरून हवा नाय, तं खाली पेट्रोल कुठून उतरंल? तुम्ही झाकन काढता, हवा जाती, चालू व्हती. कचरा नाय न् काय नाय."

परवा दसऱ्याला गाडीची पूजा वहिनींनी केली होती. मागच्या सीटवर त्यांनी पदर तोंडात धरला. चाचांनी टाचणीने भोक मोकळं केलं आणि गाडी नाशिकपर्यंत कुठेही थांबली नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "कळ थांबली केव्हा?"

"चांदवडला. दुपारी."

"तेव्हाच आत फुटलं," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दादा गेला. गोदेकाठी सगळं उरकून त्याच गाडीने आम्ही परत आलो. घाटात एकदासुद्धा गाडी अडखळली नाही. तिने बंद पडावं, असं मला मनापासून वाटत होतं.

या सडकेने जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की आजारी माणूस सोबत असेल तर मिळेल ती सर्व्हिस मोटार धरा. आणि गाडी ज्यामुळे सुरू झाली असं वाटतं, त्याच्या आधी तुम्ही काय केलं होतं तेही आठवा.

तेरावा झाल्यावर वहिनी माजघरातून बाहेर आल्या. "भावजी, शेंदूर मी लावला होता."

"तुम्ही लावलात, पण ते भोक कशासाठी असतं हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं? मला ठाऊक होतं. तीनदा झाकण माझ्या हातात होतं, आणि मी त्याकडे पाहिलं नाही."

असं मनाला लावून घेऊ नका, असं त्या म्हणतील, या आशेने मी थांबलो.

"हो," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.