धर्मकाट्यावरचा कॉम्प्युटर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. भिलाईत नेहरू नगरला माझी मेस आहे. कोचिंग क्लासची मुलं सकाळी डबा घेऊन जातात. वहिनी नागपूरहून बोलत होती. "बेबी, तुये दादा गेले... झोपेतच." मी गॅस बंद केला नाही. भाजी होऊ दिली, डबे भरले, मुलं घेऊन गेली, मग दुर्गहून मिळाली ती गाडी पकडली. शेजारणीने नंतर विचारलं, कसं जमलं तुला? मी म्हटलं, मुलांना उपाशी ठेवून दादा परत येणार होता का? हातात काम असताना रडायची आमच्या घरात पद्धत नव्हती. आईचीही नव्हती.

सुखदेवदादा माझ्यापेक्षा मोठा. आम्ही भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, बाबा यार्डात होते. दहावीनंतर दादा नागपूरला कॉलेजात गेला. माझी दहावी झाली तेव्हा आई आजारी होती, घर बघायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी घरी बसले. याबद्दल घरात कधी भांडण झालं नाही, कारण कोणी विषयच काढला नाही. दादा पुढे नागपुरात एका इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर शिकवू लागला. आई म्हातारी झाल्यावर काही महिने त्याच्याकडे राहिली. ती जात्यावर ओव्या रचायची. बाबासाहेबांच्या, यार्डातल्या गाड्यांच्या, नळावरच्या भांडणांच्यासुद्धा. दादाने तिला रोज थोडं थोडं गायला लावलं आणि इन्स्टिट्यूटच्या मशीनवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं. सगळं फ्लॉपीवर ठेवलं. त्या जुन्या, मोठ्या, पापडासारख्या वाकणाऱ्या काळ्या फ्लॉप्या. बाबा तेव्हा आमच्या विहाराचे सेक्रेटरी होते. जयंतीला पुस्तिका काढू म्हणून दादाने फ्लॉप्या त्यांच्याकडे दिल्या, बाबांनी त्या विहाराच्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवल्या. मग आई गेली, पाठोपाठ बाबा गेले, पुस्तिका राहिली ती राहिलीच.

रिटायर झाल्यावर दादाला त्या ओव्या आठवल्या. कपाटातून फ्लॉप्या त्यानेच जाऊन आणल्या. पण त्या वाचणारं मशीन आता कुठे मिळणार? नागपूर त्याने पालथं घातलं, मग भिलाईकडे वळला. इथे कोचिंगवाले आणि छोटे कारखाने जुनं सामान काढतच असतात, असं त्याचं म्हणणं. दर दोन-चार महिन्यांनी तो यायचा, पिशवी ठेवायचा आणि म्हणायचा, "बेबी, स्कूटी काढ."

"चहा तर पी. कॉम्प्युटर पळून नाही राहिला."

"कबाडी तोडून टाकन ना! चल."

मी एकदा स्पष्टच विचारलं, एवढी तडफड कावून? आईच्या बऱ्याच ओव्या आपल्याला पाठ आहेत, त्याच लिहून काढ. तेव्हा तो म्हणाला, "एक ओवी तुयावर आहे. आईनं गायली, मी टाइप केली. तुले ते दाखवायचं आहे."

मी हसले. आईने दादावर ओव्या केल्या होत्या, बाबांवर केल्या होत्या, शेजारच्या म्हशीवरही केली होती. माझ्यावर एकही नव्हती. मी तिच्या समोर बसून जात्यात दाणे घालत होते, मला नाही तर कोणाला माहीत असणार? पण दादा हटत नव्हता आणि मी, का कोण जाणे, स्कूटी काढत होते.

जुन्या कॉम्प्युटरचं दुकान असं काही नसतंच. रिपेअरिंगची दुकानं असतात, मागे एक खोली असते, तिथे सगळं थप्पी लावून पडलेलं असतं. दादा त्या खोलीत शिरला की मी बाहेर स्टुलावर बसून उद्याच्या भाजीचा हिशेब करायची. दुकानदार मला विचारायचे, "दीदी, भैया को चाहिए क्या?" मी सांगायची, मरा हुआ कम्प्यूटर, पर ज़िंदा. ते हसायचे. दादा हाताला काळं लावून बाहेर यायचा, मान हलवायचा, आम्ही पुढच्या दुकानात. सुपेलापासून दुर्गपर्यंत सगळे त्याला ओळखू लागले. कोणी त्याला वेडा समजायचं, कोणी मोठा इंजिनिअर. शेवटी शेवटी जिना चढताना तो मध्येच थांबायचा आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करायचा. मी डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायचा, मशीन मिळू दे.

मशीन मिळालं ते दुकानात नाही. एका कबाड्याने फोन करून सांगितलं की रसमड्याला एका बंद कारखान्याचा धर्मकाटा, म्हणजे ट्रक वजन करायचा काटा, मोडताहेत आणि त्याच्या केबिनमध्ये जुना कॉम्प्युटर आहे. आम्ही गेलो. पत्र्याची केबिन, खिडकीला काच नाही, टेबलावर बोटभर धूळ. पण मशीनला मोठ्या फ्लॉपीची फट होती. दादाने त्या फटीवरून बोट फिरवलं आणि तिथल्याच खुर्चीत बसून राहिला. टेम्पोवाला हॉर्न मारू लागला तेव्हा उठला.

ते धूड माझ्याच घरी आलं, वहिनीने आणखी एक डबडं घरात नको म्हणून आधीच बजावलं होतं. तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत त्याने ते मांडलं, झाडलं, पुसलं, वायरी बदलल्या. सुरू झालं. केबिनमध्ये सापडलेली फ्लॉपी आधी घालून पाहिली. धडाधड ट्रकांची वजनं पडद्यावर आली. मग आमची घातली. नुसती खरखर. दुसरी घातली, तिसरी घातली. काही नाही.

"ह्या फ्लॉप्या कपाटात कोठी ठेवल्या होत्या बाबानं?" मी विचारलं.

"भोंग्याखाली."

जयंतीच्या लाउडस्पीकरचे भोंगे. विहारात सगळ्यात जपून ठेवायची वस्तू तीच, म्हणून कुलूप तिथेच. आणि बाबांनी आपल्या बायकोच्या ओव्याही जपून तिथेच ठेवल्या. भोंग्यामागे मुठीएवढं लोहचुंबक असतं आणि चुंबकाने फ्लॉपी पुसली जाते. बाबांना हे कुठून माहीत असणार? पण दादाने तर आयुष्यभर पोरांना तेच शिकवलं होतं.

"म्हणजे तुले माहीत होतं."

"माहीत नव्हतं. वाटत होतं."

"आन् तरी मले गावभर फिरवलं?"

"तू फिरली ना..."

मी उठून स्वयंपाकाला लागले. तो जेवणापर्यंत त्या खोलीतून बाहेर आला नाही. मी ताट घेऊन गेले तर तो टाइप करत होता. आठवतील त्या ओव्या, पुन्हा इंग्रजी अक्षरांत. पुढच्या दोन खेपा त्याने त्याच कामात घालवल्या. त्याला सुरुवात आठवायची, मला शेवट. मी पोळ्या लाटता लाटता ओरडून सांगायची. एक दिवस त्याने मला पडद्यासमोर उभं केलं.

यार्डात वाजे शिट्टी, जातं घुमते पहाटंला
पाटी देली लेकीले मी, भाकर नंतर ताटाला

"हे आईचं नाही. तू बनवलं."

"मले ओवी जमते का? मी मास्तर हाओ."

"आईनं मले पाटी नाही, बेलणं देलं."

"दोन्ही देलं असन, बेबी."

मी पोळी करपते म्हणून निघून गेले. त्या खेपेनंतर तो आला नाही.

आता वहिनी म्हणते की येत्या जयंतीला विहारातून आईच्या ओव्यांची पुस्तिका काढू. त्या मशीनमधून काही बाहेर काढणं कोणाला जमेना, म्हणून मी रोज दुपारी मेस आवरल्यावर पडद्यावर बघून हाताने उतरवते. त्याची आतली बॅटरी मेलेली आहे, त्यामुळे सुरू केलं की ते आधी तारीख विचारतं. दादा कधीच तारीख भरायचा नाही, नुसतं एंटर दाबायचा. मग ते आपल्या मनाने एकोणीसशे ऐंशी धरतं. तो म्हणायचा, राहू दे, तेव्हा आई होती.

काल ती ओवी आली. पुस्तिकेवर आईचं नाव असणार. तिच्या नावावर तिचं नसलेलं घालायचं नाही हे मला कळतं, आणि तिचं असलेलं गाळायचं नाही हेही कळतं. विचारायला आता कोणी नाही. मी तिच्या समोर बसत होते. पण माझा डोळा लागल्यावरही ती दळत असायची, गात असायची... तेवढं मला सांगता येत नाही.

मी ती उतरवून घेतली, इतर ओव्यांच्या मध्ये, आईच्या नावाखाली. अजून बऱ्याच राहिल्या आहेत. आज दुपारी पुन्हा बसले, मशीनने तारीख विचारली. मी एंटर दाबलं.