रिकामी दावण

दोन हजार चोवीस साल. मला शहात्तरावं चालू होतं. गुडघ्यांपायी शेवटची गाय विकून आठवडा झालेला, अन् पोरगा म्हणत होता, गोठा पाडून तिथं गाडी लावू. मी म्हणालो, माझ्या डोळ्यांदेखत नाही.

नात तेव्हा घरूनच काम करायची. गणितातली सिद्धता बरोबर आहे का, हे तपासणारा प्रोग्रॅम त्यांची कंपनी बनवते. एखादी नवी जात, म्हणजे गोष्टींचा नवा प्रकार, कोणत्या नियमांनी घडते, हे त्याला समजावून द्यायचं काम हिच्याकडं. मी चौथीतून पळालेला, पण न समजता मान डोलावणारा नव्हे. जेवताना म्हटलं, "मला कळंल असं सांग."

"आबा, दावण घ्या. नियम दोनच. रिकामी दावण ही दावण. आणि कुठल्याही दावणीला एक गाय वाढवली, की तीही दावण. तिसऱ्या रस्त्यानं दावण होत नाही."

"पहिला नियम काढ. रिकामी कसली दावण? जनावर न्हाई तर नुसते खुंटे!"

पोरगा हसला. "ऐकलं का? आबाच म्हणत्यात, नुसते खुंटे हायेत. उद्याच पाडतो."

शब्द गेला होता, अन् मी शब्द मागं घेत नसतो. "काढ गं तो नियम."

तिनं लॅपटॉप ओढून नियम लिहिले, पहिला काढला. मग प्रोग्रॅमपुढं दावा मांडला, की प्रत्येक दावणीचं दूध शंभर लिटरच्या वर आहे. त्यानं मुकाट मान्य केला.

मी मांडीवर थाप मारली. "बघ! आता दाव तसली एक दावण."

"एकही होत नाही, आबा. गाय वाढवायला आधी दावण पाहिजे, तिच्या आधी आणखी एक. सुरुवात तर तुम्हीच काढून टाकली. जी नाहीच, तिच्याबद्दल काहीही बोला, खोटं कोण पाडणार?"

"निवडणुकीतल्या भाषणावानी," सून म्हणाली.

मी भाकरी संपवली. मग म्हणालो, "ठेव तो नियम परत."

"म्हणजे चुकलं ना?"

"चुकलं कुठं? मी तपासून बघितलं." अन् पोराकडं वळलो. "रिकामी दावण ही दावणच. एक गाय वाढवायची तेवढी राहिलीय."

"अन् शेण कोण काढणार? तुमचे गुडघे?"

"गुडघे माझे, गोठा माझा."

"अन् गाडी?"

"लिंबाखाली लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठा झाडला, हलणारा खुंटा ठोकून घट्ट केला, अन् पहिल्या एसटीनं पुणतांब्याला व्याह्यांकडं कालवड बघायला गेलो.