एम्लिन बेननची माती

वेल्समधल्या पाँटगार्नच्या कालव्याबद्दल एम्लिन बेननसमोर काही बोलायचं असेल तर आधी वेळ काढून यावं लागतं. 'कालवा आज छान दिसतोय' असं कोणी सहज म्हणालं, तर त्याला काठच्या वाटेची खडी, लव्हाळ्याच्या बेटांची छाटणी, हंसांच्या जोडीचं भांडण आणि पूर्वीच्या तीन अधिकाऱ्यांची अक्कल एवढं सगळं ऐकून मगच घरी जाता येतं. एम्लिनचं वय चौऱ्याहत्तर. कालव्यावरची पगारी नोकरी सुटून नऊ वर्षं झाली, पण ही गोष्ट त्याला अजून कोणी नीट समजावून सांगितलेली नाही. सकाळी सातला तो गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून हजर असतो, आणि कालव्यात पडलेली प्रत्येक फांदी त्याला विचारल्याशिवाय पडली याचा त्याला राग येतो.

दोनशे वर्षांपूर्वी कोळसा वाहायला खणलेला हा कालवा. आता त्यातून बदकं आणि सुट्टीवर आलेली माणसं जातात. भोवतीच्या रानाची बाग केलेली आहे. तिथे बाकं आहेत, पाट्या आहेत आणि डेलिथ मॉर्स नावाच्या बाईची चहाची टपरी आहे. दर बुधवारी आणि शनिवारी गावातली दहा-बारा मंडळी फावडी-कोयते घेऊन जमतात, दोन तास काम करतात आणि तीन तास चहा पितात. या फौजेचा सेनापती एम्लिन. त्याला कोणी नेमलेलं नाही, आणि काढण्याची कोणाची छाती नाही.

गेल्या हिवाळ्यात वरच्या आणि खालच्या लॉकच्या, म्हणजे बोटी चढवण्या-उतरवण्याच्या दरवाजांच्या, मधला काठ साठ यार्ड फुटला. सगळं पाणी हेडन प्यूच्या कुरणात गेलं, आणि हेडनच्या मेंढ्यांनी दोन दिवस चर्चच्या आवारात मुक्काम केला. कालवा सांभाळणाऱ्या संस्थेने दुरुस्तीसाठी शोनेड नावाची इंजिनियर पाठवली. वय तिशीच्या आत, केस आखूड, हातात टॅब्लेट. तिने डेलिथच्या टपरीवर सगळ्यांसमोर नकाशा पसरला आणि शांतपणे सांगितलं, की तळाला प्लास्टिकची चादर घालून वर काँक्रीट ओतायचं.

एम्लिन खुर्चीतून उठला तेव्हाच त्याच्या बायकोने, ऑल्वेनने, डोळे मिटून घेतले.

"प्लास्टिक?" तो म्हणाला. "अगं पोरी, हा कालवा आहे, सँडविचचा डबा नाही. याच्या तळाला दोनशे वर्षं चिकणमाती आहे. भिजवायची, फावड्याने कापायची, बुटांनी तुडवायची. थरावर थर. माझ्या कॅडॉगमामाने मला शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. नीट तुडवलेली माती थेंब सोडत नाही."

"मिस्टर बेनन, तुडवणार कोण?"

"आम्ही."

मागे बसलेल्या त्या 'आम्ही'ने एकमेकांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

शोनेडने बरंच नमतं घेऊन तडजोड केली. साठ यार्ड मातीने करा. मग पाणी भरू, वरच्या लॉकला वळसा घालून येणारं पाणी फळ्या लावून अडवू, लॉकच्या दरवाजांतल्या पाणी सोडायच्या झडपा बंद ठेवू आणि सात दिवस कोणी हात लावायचा नाही. सात दिवसांत पाणी एक इंचाच्या आत उतरलं, तर दुरुस्तीला आलेला पुढचा सगळा मैलसुद्धा मातीनेच करू. जास्त उतरलं, तर सगळीकडे चादर, आणि मातीचं नाव पुन्हा काढायचं नाही.

मग काय, पाच आठवडे अख्खं पाँटगार्न चिखल तुडवत होतं. एम्लिन काठावर उभा राहून टाचा कशा टाकायच्या ते शिकवत होता. "नाचू नकोस हेडन, तुडव. लग्नात नाचायचं ते नाचलास." डेलिथचा एक बूट चौथ्या थरात गेला तो गेलाच, आता तो कालव्याचा ऐतिहासिक भाग आहे. एम्लिन स्वतः सगळ्यांत जास्त तुडवत होता. फक्त शेवटच्या दिवशी पुलाच्या भिंतीलगतचा कोपरा राहिला होता आणि त्याचा उजवा गुडघा सुजून भोपळा झाला होता. त्या कोपऱ्यात त्याच्या पायांनी जितक्या फेऱ्या घालायला हव्या होत्या तितक्या घातल्या नाहीत. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. विचारलंही नाही कोणी. एम्लिनने केलंय म्हटल्यावर विचारायचं काय?

सोमवारी पाणी भरून झालं. शोनेड खूण करून गेली, पुढच्या सोमवारी येते म्हणाली. रोज सकाळी आठला पाणी मोजायचं काम हेडनकडे. तो मापपट्टी वाचायचा आणि डेलिथच्या टपरीवरच्या फळ्यावर, 'आज गाजराचा केक'च्या खाली, आकडा लिहायचा. मंगळवारी काही नाही. बुधवारी एक सूत खाली. गुरुवारी आणखी एक सूत. एका इंचात आठ सूत असतात, म्हणजे या चालीने सातव्या दिवसापर्यंत पाणी बिनघोर उत्तीर्ण होत होतं. लोक केक खात होते. आणि जगातलं नवल असं, की त्या आठवड्यात वेल्समध्ये एक थेंबही पाऊस पडला नाही.

एम्लिन मात्र केक खात नव्हता. गळती सुरुवातीला लाजते आणि मग निर्लज्ज होते, हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं. गुरुवारी सकाळी आकडा लिहून झाल्यावर तो काठाच्या पायथ्याशी उतरला तर हेडनच्या कुरणात, बरोबर पुलाखाली, गवत ओलं होतं. चांगलं तीन पावलं रुंद. तो कोपरा. तो गुडघा.

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग ज्या माणसाने झडपेला बोट लावणाऱ्या पोरांना तीस वर्षं पळवून लावलं, तो माणूस वरच्या लॉकवर गेला, दांडा फिरवून झडप दातेरी पट्टीवर चार दात उचलली, शंभर आकडे मोजले आणि खाली टाकली. घरी येऊन त्याने न बोलता नाश्ता केला. ऑल्वेनने विचारलं, "बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "अंडं जास्त शिजलंय." अंडं अगदी ठीक होतं.

शुक्रवारी फळ्यावर दोन सूत वर. ते त्याच्या हिशोबात बसलं. शनिवारी मात्र पाऊण इंच वर. एम्लिनने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्याने तर नंतर झडपेकडे पाहिलंही नव्हतं. रविवारी आणखी एक इंच. हेडनने आकडा लिहिला, आणि कोणाकडेही न बघता चहा मागितला. डेलिथने कोणाकडेही न बघता दिला.

सोमवारी शोनेड आली. तिने मापपट्टी पाहिली, फळा पाहिला, आभाळ पाहिलं. कोरडं खडखडीत.

"मिस्टर बेनन," ती म्हणाली, "पाणी धरणाऱ्या मातीबद्दल मी ऐकलं होतं. पाणी तयार करणारी पहिल्यांदा पाहते आहे."

कोणी हसलं नाही. सगळे आपापल्या बुटांचं निरीक्षण करत होते. एम्लिनला वाटलं, आता गप्प राहिलं तर माती वाचेलही कदाचित, पण कॅडॉगमामाचं नाव घ्यायला तोंड राहणार नाही.

"मी," तो म्हणाला. "गुरुवारी. झडप मी उघडली. शंभर आकडे."

"शंभर आकड्यांत इतकं पाणी नाही येत."

हेडनने घसा साफ केला. "शुक्रवारी दुपारी. मी जरा जास्त मोजले. मोजताना मध्येच विसरलो, म्हणून पहिल्यापासून मोजले."

"मी शनिवारी," डेलिथ म्हणाली. "मोजलं नाही. केक ओव्हनमध्ये होता, तो होईपर्यंत."

शोनेडने कपाळाला हात लावला. "आणखी कोणी?"

ऑल्वेनने हात वर केला. एम्लिन तिच्याकडे बघतच राहिला. बावन्न वर्षांच्या संसारात या बाईने झडपेला कधी हात लावला नव्हता.

"शुक्रवारी, नाश्त्यानंतर," ती म्हणाली. "तू दाढी करत होतास."

"तूसुद्धा? अगं, सांगितलं होतं ना मी सगळ्यांना, माती धरेल म्हणून? इतकासुद्धा विश्वास नाही तुमचा माझ्यावर?" त्याचा आवाज चढला आणि तिथेच फाटला. त्याला खरंच लागलं होतं.

"थांबा," शोनेड म्हणाली. ती फळा पुन्हा वाचत होती. "गुरुवार सकाळपर्यंत कोणीच हात लावला नव्हता. आणि तोपर्यंत पाणी उतरलं दोन सूत. म्हणजे तुमची माती चांगली आहे. मग शुक्रवारपासून तुम्हा सगळ्यांना एकदम काय झालं?"

हेडन डेलिथकडे बघू लागला, डेलिथ ऑल्वेनकडे.

"गुरुवारी मी याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं," ऑल्वेन म्हणाली. "डेलिथला सांगितलं. कोणाला सांगू नकोस म्हटलं."

"मी फक्त हेडनला सांगितलं," डेलिथ म्हणाली.

ऑल्वेन नवऱ्याकडे वळली. "एम्लिन, बुधवारपर्यंत मी निवांत झोपत होते. तू म्हणालास धरेल, म्हणजे धरेल. हेडन सोडला तर कोणी पाणी बघायलासुद्धा जात नव्हतं. मग तूच गेलास. तुलाच खात्री नाही म्हटल्यावर आम्ही काय करायचं?"

एम्लिन पुटपुटला, "कुरणात ओल होती. पुलाखाली."

"ती होय," हेडन म्हणाला. "मेंढ्यांचा हौद वाहतोय महिनाभर. विचारायचंस की."

शोनेडने जास्तीचं पाणी सोडून दिलं, नवी खूण केली आणि सात दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. झडपांना कुलूप घालू का, असं तिने विचारलं. एम्लिन म्हणाला, "नको."

त्या सात दिवसांत तो रोज सातला आला, टपरीवर बसला आणि साडेनऊला घरी गेला. एकदा पुलापर्यंत गेला होता, तेही हात खिशात घालून. दुसऱ्या सोमवारी शोनेडने मोजलं. पाच सूत. तिने कागदावर सही केली आणि पुढच्या मैलासाठी माती किती टन लागेल ते विचारलं. एम्लिनने आकडा सांगितला आणि चक्क तेवढ्यावर थांबला. डेलिथने न मागता त्याच्यासमोर केक ठेवला.

घरी जाताना ऑल्वेनने त्याचा हात धरला. गुडघ्यामुळे तो हळू चालत होता.

"या वेळी खात्री होती ना तुझी?"

"छे. पाचव्या दिवशी तर जीव नुसता टांगणीला लागला होता."

"मग गेला कसा नाहीस झडपेकडे?"

"कसा जाणार?" एम्लिन म्हणाला. "तुम्ही बघत होतात."