मामा आणि जीपचं मागचं चाक

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी मागचं चाक हलवून पाहिल्याशिवाय आजवर कुठल्याही गाडीवर विश्वास ठेवलेला नाही. उद्या साक्षात देवाचा रथ आमच्या आणे गावच्या पठारावर उतरला, तरी मामा दर्शनाआधी त्याच्याखाली जॅक लावतील. पुढच्या चाकांशी त्यांचं वैर नाही. "पुढचं चाक डोळ्यांपुढं असतं, पावणं. मागचं गुमान संगं येतं आन् तेच दगा देतं," असं ते मला दर भेटीत ऐकवतात. गाडी उचलायची, चाक वरून-खालून धरून गदागदा हलवायचं, मग आपल्याकडे ओढून पुन्हा आत ढकलायचं आणि डोळे मिटून कानोसा घ्यायचा. आतला एक्सल जरा डुगडुगला की "प्ले हाय!", म्हणजे चाक ढिलं आहे, असा पुकारा होतो आणि मामांच्या लेखी ती गाडी बाद. राजुरीच्या एका लग्नाला निघताना त्यांनी आमची जीप अशी अडवून धरली, की आम्ही पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती. गुडघे दाखवायला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर आत वाट बघतायत आणि हे बाहेर डॉक्टरांच्याच गाडीखाली आडवे! खोड इतकी मुरलेली, की बाजेवर टेकण्याआधी तिचेही पाय हलवून पाहतात. मी जावई म्हणून पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी माझा खांदा धरून हलवला होता. निकाल अजून सांगितलेला नाही.

माझ्या धाकट्या मेहुणीला याच मामांनी वाढवलं. तिचे वडील ती रांगत असतानाच गेले. तिच्यासाठी मढचं स्थळ आलं आणि मुलगा तिच्या मनात भरला, तेव्हा आम्ही सगळे घर बघायला गेलो. पोहे आले, पण मामा गायब. अंगणात नवऱ्या मुलाच्या जीपखालून त्यांचे पाय तेवढे दिसत होते. "प्ले हाय!" खालून आवाज आला. मुलाचे वडील भडकले. "आमी सोयरीक करतोय का गाडी इकतोय?" मामा धूळ झटकत उठले. "पोरगी याच गाडीतनं माळशेज घाट उतरणार ना? मंग ही सोयरीक मला मान्य न्हाई." मेहुणीचा चेहरा पांढरा पडला. मला तर तिथल्या तिथे मामांना पोत्यात घालावंसं वाटलं. तेवढ्यात मुलगा इस्त्रीच्या नव्या शर्टानिशी खाली बसला आणि त्यानं चाक हलवलं. "खरंय मामा. बेअरिंग गेलंय. रोज घाटातनं जातोय, ध्यानातच न्हाई आलं." मामांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरगा बरा हाय," ते म्हणाले आणि गार झालेले पोहे खायला बसले.

लग्न झालं. पाठवणीला तीच जीप, नवं बेअरिंग घालून, हार घालून उभी होती. चाकाखाली कुणीतरी नारळ ठेवला होता. मामांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि जॅक मागवला. मांडवातून एकच उसासा निघाला. नवरा-नवरीला खाली उतरवलं. मामा चाक हलवत राहिले, बराच वेळ. शेवटी मीही वाकून हात लावला. चाक खडकासारखं घट्ट होतं.

"हाय जरा," मामा माझ्याकडे न बघता म्हणाले. "थांबा वाईच." त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. पोर जायची घटका जेवढी लांबेल तेवढी त्यांना लांबवायची होती.

नवरदेव मुंडावळ्या मागे सारून त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं चाक दुसऱ्या बाजूनं धरलं. "व्हय मामा, हाय थोडा प्ले," तो म्हणाला. "लई घाई न्हाई आमाला. बघू सावकाश." मेहुणी शालूनिशी मामांच्या शेजारी मातीत बसली, आणि तिघं मिळून ते घट्ट चाक हलवत राहिले.