लुगड्याच्या काठावर मावलेली वाडी

गेल्या मंगळवारी निरवांगीजवळच्या एका वाडीत मी काढलेल्या चित्रावरून भांडण पेटता पेटता राहिलं. काडी लावणारीही मीच... म्हणजे माझा ब्रश!

आधी माझं काम सांगते, कारण माझी आईसुद्धा नातेवाइकांना "चित्रकलेची टीचर आहे" सांगून मोकळी होते. मी जमिनीच्या पोटातली चित्रं काढते. कुठे मुरूम, कुठे काळा पाषाण, आणि त्यात पाणी कुठे बसलंय ते. घर बारामतीत, पण महिन्यातले निम्मे दिवस मी कुणाच्या तरी विहिरीत डोकावत असते.

या वाडीत खालच्या वस्तीची प्यायच्या पाण्याची विहीर होळीनंतर तळ दाखवते. मग पारूकाकू आणि त्यांच्या शेजारणी हंडे घेऊन पार वरच्या माळावरच्या विहिरीपर्यंत चालत जातात. म्हणून पावसाचं पाणी मुरवायला एक मोठा खड्डा घ्यायचं ठरलं होतं. त्यासाठी योग्य जागा वरच्या टोकाला राहणाऱ्या आबांच्या माळावर होती, आणि आबांनी कधी नव्हे ते "घ्या" म्हटलं होतं.

मग काय... मी जोशात समाजमंदिराची अख्खी भिंतच रंगवली! वाडीतल्या विहिरी आतून बघून जे थर टिपले होते ते सगळे भिंतीवर उतरवले. वर पिवळसर मुरूम, खाली काळा पाषाण, आणि मधल्या लाल पट्ट्याला तर खराखुरा गेरू लावला. इतकं देखणं झालं होतं की स्वतःच्याच चित्राबरोबर सेल्फी काढत बसले.

संध्याकाळी सगळे बघायला जमले. आबा हात पाठीमागे बांधून बराच वेळ चित्र न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मॅडम, खड्डा आमच्या माळावर खांदायचा, आन पानी समदं घसरत यांच्या हिरीत जायाचं? आमच्या हिरीनं काय कोरडं बसायचं? न्हाय जमायचं."

मी चित्राकडे पाहिलं आणि घोळ लक्षात आला. त्याचं असं आहे... वाडी लांबलचक आणि विहिरी त्यामानाने अगदीच उथळ. म्हणून थर नीट दिसावेत यासाठी आमच्या धंद्यात चित्र उभं ताणायची रीत आहे. मी वीसपट ताणलं होतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलंही होतं, पण ते कोण वाचतंय! आबांना दिसत होती सरळसरळ घसरगुंडी. वरच्या टोकाला त्यांचा माळ आणि खालच्या टोकाला पारूकाकूंची विहीर.

मी मोजपट्टी, प्रमाण, असं बरंच काही समजावायला गेले. आबा शांतपणे म्हणाले, "चित्र तुमीच काढलंय न्हवं?"

गर्दीत पारूकाकू होत्या. त्या नुसत्या खाली बघत राहिल्या. मला अक्षरशः रडू फुटायच्या बेतात होतं.

खरं माप दाखवायचं तर वाडी किलोमीटरभर लांब आणि विहिरी सहा परस, म्हणजे सहा पुरुष खोल. इतकं लांब आणि इतकं अरुंद काय असतं?... तेवढ्यात माझी नजर पारूकाकूंच्या लुगड्याच्या काठावर गेली. लांबी नऊ वार, रुंदी पाच बोटं. हिशेब बरोब्बर जमला!

"काकू, एखादं धुतलेलं लुगडं आणता?" बायका फस्सकन हसल्या. काकूंनी मात्र पेटीतलं सगळ्यात चांगलं आणलं, हिरवं, लाल काठाचं. फक्त एवढंच विचारलं, "खडू धुतल्यावर निगंल न्हवं?"

मी काठावर खडूने थर काढले. माळाकडचं टोक आबांच्या हातात दिलं, वस्तीकडचं काकूंच्या. चारचौघांत लुगडं धरून उभे राहिलेले आबा कान लाल होईपर्यंत लाजले, आणि मागून एक आजी ओरडली, "आबा, सोडू नगा बरं का, आमचं पानी हाय त्यात!"

"आबा, आता तुमचं टोक काठाच्या रुंदीइतकं वर धरा. हा वाडीचा खरा उतार." आबांनी हात जरासा उचलला आणि काठाकडे बघतच राहिले.

"येवढाच?"

"एवढाच. खड्डा तुमच्या मुठीजवळ आणि तुमची विहीर तिथून वीतभर अंतरावर. पाणी आधी तुमच्या विहिरीत चढेल, मग मुंगीच्या पावलानं खाली जाईल. वस्तीत पोचेपर्यंत उन्हाळा येईल, आणि त्यांना पाणी लागतं तेही उन्हाळ्यातच."

आबांनी एकदा हातातल्या टोकाकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या टोकाला उभ्या काकूंकडे. मग म्हणाले, "व्हय की. मग हे आदी काढायचं न्हाय व्हय? भिताड कशापायी रंगवलं?" सगळी वाडी हसली. मीही डोळे पुसत हसले.

आज खड्ड्याचा नारळ फुटला. आबांनी स्वतः चुन्याची फक्की टाकून जागा आखून दिली, आणि नारळ फोडायचा मान पारूकाकूंना दिला. काकू तेच हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. खडू केव्हाच धुतला गेला होता, तरी माती तुडवत पुढे येणाऱ्या काकूंना आबा म्हणालेच, "पारूबाई, काठ जपून. आख्खी वाडी हाय त्यावर."

काकूंनी खरंच काठ दोन बोटं वर उचलून धरला. इतकी वर्षं चित्रं काढतेय, पण माझं एखादं चित्र कुणी असं सांभाळून चाललेलं मी पहिल्यांदाच पाहिलं... थँक यू, पारूकाकू.