हिरव्या अक्षरातली मुलगी

गणिताच्या बाईंना वर्गात शांतता लागायची. आपण फळ्यावर गणित सोडवायचं आणि मुलांनी ते मुकाट्यानं उतरवून घ्यायचं, यातच त्यांची निम्मी नोकरी सरली होती. त्यामुळे डोंगरातल्या एका शाळेत गणिताला कुणी नाही, तिथल्या मुलांनाही पडद्यावरून आपल्या वर्गाबरोबर शिकवा, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"समोर बसलेल्यांच्या डोक्यात शिरत नाही, लांबच्यांच्या काय शिरणार?" घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"तुला काय फरक पडतो? समोरच्यांकडे तरी कुठे बघतेस? फळ्याशीच तर बोलतेस!"

टोमणा वर्मी लागला. बाई दुसऱ्या दिवशी 'हो' सांगून आल्या.

वर्गात मोठा पडदा आला. त्यावरच्या कोऱ्या फळ्यावर दोन्ही शाळांतली मुलं आपापल्या टॅबवरून एकदमच लिहू शकत. ज्याचा त्याचा रंग वेगळा. कॅमेऱ्यात डोंगरातली पुढची डोकी तेवढी दिसत. म्हणून बाई रंगावरूनच हाका मारायच्या. पिवळ्या, जांभळी, हिरवी. यातली हिरवी कधी बोलायचीच नाही.

"बाई, ती मागे कोपऱ्यात बसते," बाकीची मुलं सांगायची. "बोलत नाही, लिहिते नुसती."

एकदा अपूर्णांकांची बेरीज चालली होती. हिरवीनं छेदबिद सगळं सोडून सरळ भाकरीचे तुकडे काढले. बाई ते पुसणार, तोच त्यांच्या समोरच्याच वर्गातल्या, आजवर तोंड न उघडलेल्या मुलानं खाली लिहिलं, "आत्ता कळलं." बाईंचा हात तसाच थांबला. पुढे त्यांनी थांबायची सवयच लावून घेतली. चुकलेली पायरी पुसायची नाही, ती का चुकली ते मुलांनीच एकमेकांना सांगायचं. वर्गात गलका वाढला, पण मुलं गणिताला घाबरेनाशी झाली.

हिरवी सगळ्यांच्या आधी फळ्यावर येऊन कोपऱ्यात लिहायची, "बाई आल्या का?" त्या तीन शब्दांची बाईंना ओढच लागली. सुट्टीच्या दिवशी चुकल्यासारखं व्हायचं. ही दिसते कशी, हसते कशी, लिहिताना जीभ बाहेर काढते का, असं काहीबाही भाजी निवडताना मनात यायचं.

वर्ष सरलं आणि डोंगरातल्या शाळेला गणिताचे सर मिळाले. चांगलीच गोष्ट होती. पडद्यावरचे तास बंद झाले. बाईंना मात्र राहवेना. एका सकाळी त्यांनी बस धरली.

"बाई, तुम्ही एवढ्या बुटक्या?" शाळेच्या दारातच मुलांनी गराडा घातला. बाई हसल्या आणि एकेका तोंडाकडे बघत म्हणाल्या, "यातली हिरवी कोण?"

जांभळी म्हणाली, "तिच्या वडलांचं काम संपलं ना इथलं. ते सगळे गेले."

"कुठे?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नव्या सरांनी अदबीनं खडू पुढे केला. बाईंनी एक गणित शिकवलं, मुलांनी भांडून सोडवलं, सगळं छान झालं. कोपऱ्यातल्या बाकावर आता दुसरीच मुलगी बसली होती. बाईंची नजर राहून राहून तिकडे जात होती.

"काय नाव होतं तिचं?" निघताना त्यांनी विचारलं. सरांनी सांगितलं. बसमध्ये बाईंनी ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. ते भलत्याच कुणाचं तरी वाटलं.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी विचारायच्या आधीच बाईंनी दुसरी एक लांबची शाळा मागून घेतली. पहिल्या दिवशी गणित काढलंच नाही.

"एकेकानं कॅमेऱ्यासमोर या," त्या म्हणाल्या. "नाव सांगा. घाई नाही. मला नीट बघू दे."